डबल बेसची पदवी: नेमकं काय शिकायचं?

१९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, झुबिन मेहता मुंबईहून व्हिएन्नाला गेले ते हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंदाचं संचालन शिकायला. तिथल्या संगीत अकादमीत जोडीला त्यांनी जे वाद्य घेतलं ते डबल बेस. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, म्हणजे घरात व्हायोलिन. आणि मुलगा उचलतो माणसाच्या उंचीचं वाद्य! पण होऊ घातलेल्या संचालकाला ही जागा सोयीची आहे. मागच्या रांगेत उभं राहिलं की अख्खा वाद्यवृंद नजरेत येतो. १९२४ ते १९४९ अशी पंचवीस वर्षं बॉस्टन सिंफनीचं संचालन करणारे सर्गेई कुसेवित्स्की हेही मूळचे डबल बेसवादकच.

व्हिएन्नाच्या त्या अकादमीला १९९८ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज तिथे, जर्मनीत, अमेरिकेत डबल बेसवादनाची पदवी घेता येते आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणही. या शिक्षणात एक गंमतशीर विसंगती आहे. वर्गात आणि परीक्षेत विद्यार्थी एकटा वाजवतो. नोकरी मात्र आठ जणांत आठवा म्हणून उभं राहण्याची, आणि आपला आवाज वेगळा ऐकू येऊ नये हे त्या नोकरीचं पहिलं कलम. अभ्यासक्रमातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा या विसंगतीतून होतो.

आधी वाद्याचं माप

जाड तारेपासून मोजलं तर चार तारा लागतात पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाचमध्ये. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर. व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांच्या तारा पंचमानं लावतात. डबल बेस एकटाच मध्यमानं. याचं कारण हाताच्या मापात आहे. डबल बेसची मोकळी तार साधारण १०५ सेंटिमीटर, व्हायोलिनची जेमतेम ३३. त्यामुळे तारेच्या सुरुवातीला सा आणि कोमल रे यांच्यातलं अंतर डबल बेसवर सहा सेंटिमीटरच्या घरात जातं, व्हायोलिनवर ते दोनही भरत नाही. हाताच्या एका पकडीत सा ते शुद्ध रे एवढंच मावतं. तारा पंचमानं लावल्या तर साध्या सरगमसाठीही हात सतत वरखाली पळवावा लागेल. (हट्टानं पंचमात लावणारे काही उत्तम वादक आहेत, पण ते अपवाद.)

सगळ्यात खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. कागदावर लिहिलेला प्रत्येक स्वर प्रत्यक्षात एक सप्तक खाली वाजतो. चेलोच्या जोडीनं आणखी खाली, मंद्रातल्या पांढरी एकपर्यंत उतरावं लागतं, त्यासाठी अमेरिकेत जाड तारेला वर पट्टी जोडून ती लांबवतात, तर जर्मन भाषिक देशांत पाच तारांचं वाद्य घेतात. शिकायला कुठे जायचं यावर कुठल्या वाद्याची सवय करायची हेही ठरतं. आणखी एक: ज्याला ‘तीन-चतुर्थांश’ आकार म्हणतात तोच प्रौढ वादकांचा नेहमीचा आकार. ‘पूर्ण’ आकाराचं वाद्य क्वचितच भेटतं.

डावा हात: सिमांडल की राबात?

पहिल्या वर्षी जवळपास प्रत्येकाची गाठ फ्रान्त्स सिमांडल या नावाशी पडते. १८४० मध्ये बोहेमियात जन्म, प्रागच्या कॉन्झर्वेटरीत शिक्षण आणि १८६९ पासून चाळीसेक वर्षं व्हिएन्नात अध्यापन. त्यांचं शिक्षणाचं पुस्तक आजही विद्यार्थ्यांच्या स्टँडवर असतं. पद्धत अशी, की खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरायचं. तिसरं चौथ्याला आधार देतं. हाताची एकेक जागा पक्की झाल्याशिवाय पुढची धरायची नाही. वाचायला रुक्ष, वाजवायला त्याहून रुक्ष. पण सुराची जागा हातात बसते ती यानेच.

दुसरी वाट फ्रान्स्वा राबात यांची. जन्म १९३१ मध्ये सीरियातल्या अलेप्पोत, पुढचं आयुष्य पॅरिसमध्ये. त्यांनी सगळ्या पट्टीचे सहाच टप्पे केले आणि हात उचलून नेण्याऐवजी अंगठा जागेवर ठेवून पंजा कलता करायला शिकवलं. त्यांच्या शिष्यांचा हात सहज वर-खाली फिरताना दिसतो. बहुतेक चांगले शिक्षक आज दोन्हींतलं हवं ते घेतात, मात्र कुठून सुरुवात करायची यावर अजून वाद घालतात.

अर्ध्या तारेच्या पुढे खेळ बदलतो. तिथे अंगठाच तारेवर येतो आणि सरकत्या घोडीसारखं काम करतो. सोलो वादन बरंचसं याच भागात चालतं. वाद्यवृंदात इथवर यायची वेळ फारशी येत नाही.

बोच्या दोन जाती

फ्रेंच बो वरून धरतात, चेलोसारखा. जर्मन बोचा मागचा भाग उंच असतो आणि तो खालून, तळव्यात घेऊन धरतात. सारंगीचा गज ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ही पकड परकी वाटणार नाही. व्हिएन्ना आणि जर्मनीत जर्मन बोचा रिवाज, पॅरिस आणि इटलीत फ्रेंच. अमेरिकेत दोन्ही चालतात. चार वर्षं एका पकडीत घालवून मग दुसरी शिकणं फार जड जातं, त्यामुळे पुढे कुठे जायचं याचा अंदाज असेल तर बो आधीच ठरवलेला बरा.

व्हिएन्नाचा हरवलेला सूर

सोलो म्हणून जे वाजवायला मिळतं त्याचा मोठा भाग अठराव्या शतकातल्या व्हिएन्नाच्या परिसरात लिहिला गेला. तेव्हा तिथे वाद्य वेगळं लावत: जाड तारेपासून पांढरी चार, सहा, दोन, मग काळी तीन आणि पुन्हा पांढरी सहा. मोकळ्या तारांतूनच पांढरी दोनच्या पट्टीतले सा, ग, प निघायचे, म्हणून त्या पट्टीत जलद फिरत करणं सोपं होतं. हायडननं १७६१ मधल्या आपल्या ६, ७ आणि ८ क्रमांकाच्या सिंफनींत डबल बेसला एकट्यानं वाजवायला दिलं. डिटर्सडॉर्फ आणि व्हानहाल यांनी कॉन्चेर्टो लिहिले, योहानेस श्पेर्गरनं तर अठरा. १७९१ मध्ये मोझार्टनं खर्जाच्या गायकासाठी लिहिलेल्या एका आरियात डबल बेसला गळ्याच्या बरोबरीनं बोलायला लावलं.

पुढे तारा लावण्याची ही रीत मागे पडली आणि संगीत तेवढं उरलं. आजचा विद्यार्थी मध्यमात लावलेल्या वाद्यावर तेच कॉन्चेर्टो वाजवतो तेव्हा एकेकाळी मोकळ्या तारेवर आपोआप पडणाऱ्या स्वरांसाठी त्याला हात ताणावा लागतो. शिवाय सोलोसाठी चारही तारा एका पूर्ण स्वरानं चढ्या लावतात: काळी तीन, पांढरी सात, पांढरी तीन, पांढरी सहा. यानं आवाजाला धार येते. पण त्यासाठी तारांचा वेगळा, बारीक संच लागतो. सकाळी वाद्यवृंदाची तालीम आणि संध्याकाळी सोलोचा तास असला की दोन वाद्यं हाताशी असलेला विद्यार्थी सुखी.

एकोणिसाव्या शतकात इटलीच्या जोव्हान्नी बोत्तेसिनीनं (१८२१–१८८९) या वाद्यावर ऑपेरातल्या गायिकेसारखं गाऊन दाखवलं. त्याचा दुसरा कॉन्चेर्टो आणि १९०५ मध्ये पहिल्यांदा वाजलेला कुसेवित्स्कीचा कॉन्चेर्टो, या दोन्हींतून सुटका नाही.

आठवडा कसा जातो

मुख्य विषयाचा तास आठवड्यातून एकदा, गुरू आणि शिष्य समोरासमोर. त्याखेरीज शिक्षकाच्या सगळ्या शिष्यांचा एकत्र वर्ग. तिथे एकमेकांसमोर वाजवायचं आणि ऐकून घ्यायचं. विद्यापीठाच्या वाद्यवृंदाच्या तालमी, चेंबर संगीत, स्वररचनेचं शास्त्र, श्रुतिलेखन, संगीताचा इतिहास आणि दुय्यम वाद्य म्हणून पियानो. पियानोला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, की एका वेळी एकच स्वर वाजवणाऱ्याला त्या स्वरावर उभी राहिलेली सगळी इमारत पियानोवरच दिसते.

चेंबर संगीतात डबल बेसच्या वाट्याला थोडंच येतं, पण येतं ते अव्वल: शूबर्टचं १८१९ मधलं ‘ट्राउट’ पंचक, त्याचंच अष्टक, बेटोव्हेनचं सप्तक, द्वोर्झाकचं एक पंचक. यांत खर्ज सांभाळणारा एकटाच असतो, चूक लपवायला शेजारी कुणी नाही. माझ्या मते पदवीतला सगळ्यात उपयोगी तास हाच.

तुकड्यांची तालीम

वाद्यवृंदातली जागा भरताना उमेदवाराला मोठ्या रचनांमधले ठरावीक अवघड तुकडे वाजवायला लावतात. हे तुकडे सगळ्या जगात जवळपास तेच. बेटोव्हेनची पाचवी आणि नववी, मोझार्टची ३५वी आणि ४०वी, रिचर्ड श्ट्राउसचं ‘आइन हेल्डनलेबेन’, आणि माहलरच्या पहिल्या सिंफनीच्या तिसऱ्या भागातली एकट्या डबल बेसनं सुरू होणारी उदास धून.

पाचवीतलाच तुकडा जवळून पाहू. तिसऱ्या भागाच्या मध्यावर डबल बेस आणि चेलो एकदम एकटे पडतात आणि धावत सुटतात. बेटोव्हेननं स्वतः दिलेल्या गतीनं हिशेब केला तर सेकंदाला साडेनऊ स्वर. पुष्कळदा थोडं सावकाश वाजतं. पुढे ते धाव सुरू करतात, थबकतात, पुन्हा सुरू करतात, पुन्हा थबकतात आणि तिसऱ्यांदा पळत जातात. खर्जाची जाड तार बोला लगेच दाद देत नाही, म्हणून बो तारेवर आधी चिकटवून मगच ओढावा लागतो, नाहीतर स्वराऐवजी नुसती घरघर. त्या थबकण्यातल्या विरामाची लांबीही मोजली जाते. पडद्यामागे बसलेल्या परीक्षकांना उमेदवाराचं नाव माहीत नसतं, चेहरा दिसत नसतो. लय समान आहे का आणि प्रत्येक स्वर वेगळा बोलतो का, एवढंच ऐकू येतं. अशा ओळींवर विद्यार्थी वर्षानुवर्षं घालवतात.

जर्मनी-ऑस्ट्रियात पहिल्या फेरीत बहुधा डिटर्सडॉर्फ किंवा व्हानहाल यांच्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग मागतात, तुकडे नंतर. म्हणजे सोलोचा अभ्यास नोकरीच्या दारातच लागतो, आणि आत गेल्यावर कुणी तो ऐकायला मागत नाही!

वाद्याचं ओझं आणि पैसा

वाद्याचं वजन दहा किलोच्या पुढेमागे. विमानानं न्यायचं तर वाद्याहून जड कठीण पेटी, नाहीतर मान सुटी होणारं वाद्य. म्हणून प्रवेशपरीक्षेला बरेच जण तिथलंच वाद्य उसनं घेतात. तारेची लांबी आपल्यापेक्षा दोन सेंटिमीटरनं वेगळी निघाली तरी बोटांच्या सगळ्या जागा हलतात. हात जुळवायला निदान एक दिवस हाताशी ठेवावा. डबल बेसचं रोझिन मऊ आणि चिकट असतं, त्यातले काही प्रकार आपल्याकडच्या मे महिन्यात अक्षरशः वाहतात. डबी आडवी ठेवू नये.

शिक्षणाच्या खर्चात फरक प्रचंड. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ पासून शिकवणी शुल्क नाही, पण जागा वाद्यवृंदाच्या गरजेपुरत्याच, म्हणजे डबल बेसला मोजक्या. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या सरकारी संस्था अमेरिकेतल्या बहुतेक संस्थांपेक्षा कितीतरी स्वस्त. तिथे जर्मन भाषा मात्र यावी लागते.

पदवीनंतर

मोठ्या वाद्यवृंदात डबल बेसच्या जागा साधारण आठ आणि त्या सुटतात क्वचित. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये १९६६ साली पूर्णवेळ घेतलेली पहिली स्त्री ऑरिन ओब्रायन ही डबल बेसवादक; अनेक दशकं ती तिथे वाजवत राहिली आणि शिकवतही राहिली. तिच्यावरच्या लघुपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं.

दुसऱ्या टोकाला रॉन कार्टर. १९५९ मध्ये ईस्टमन स्कूलमधून पदवी घेतली ती पाश्चात्त्य अभिजात संगीताची. कृष्णवर्णीय असल्यामुळे वाद्यवृंदांची दारं बंद मिळाली. ते जॅझकडे वळले, माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलं आणि पुढे दोन हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणांत त्यांचा बेस आहे. एडगर मायर यांनी इंडियाना विद्यापीठात स्टुअर्ट सँकी यांच्याकडे शिकून तिसरीच वाट धरली. झाकीर हुसेन, राकेश चौरसिया आणि बेंजोवादक बेला फ्लेक यांच्याबरोबरच्या त्यांच्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ या आल्बमला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. तबल्याच्या लयीत उतरलेला बो ऐकायचा असेल तर तिथे ऐकावा.

इथून निघताना

गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवलं आणि त्यातलेच वादक मुंबईच्या जॅझ बँडमध्ये आणि सिनेमाच्या स्टुडिओत पोचले. आजही पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यात बाहेरून आलेले वादक बरेच. डबल बेस चालू स्थितीत आणि त्याचा शिक्षक एकाच गावात सापडणं आपल्याकडे अवघडच. पण उशीर झाला म्हणून निराश व्हायचं कारण नाही: लंडनच्या ची-ची न्वानोकू यांनी गुडघ्याच्या दुखापतीनं धावणं सुटल्यावर अठराव्या वर्षी हे वाद्य हातात घेतलं आणि पुढे रॉयल अकादमीत शिकल्या.

अर्ज करण्याआधी शिक्षकाला पत्र लिहून एक तास मागावा. युरोपात ही रीतच आहे. त्या तासाला दोन प्रश्न विचारायचे. तुमच्याकडे डबल बेसचे विद्यार्थी किती, आणि वर्षातून किती वेळा ते वाद्यवृंदात उभे राहतात? विद्यार्थी फार असले तर वाजवण्याची पाळी येत नाही, अगदी दोनच असले तर शेजाऱ्याशी बो जुळवायला कोण? संस्थेचं वाद्य वापरायला मिळेल का, हेही तिथेच विचारून घ्यावं. बो मात्र स्वतःचा न्यावा, आणि जुना असेल तर त्याच्या टोकाची पांढरी चकती हस्तिदंताची नाही ना हे जाणकाराला दाखवून घ्यावं. अमेरिकेच्या विमानतळावर हस्तिदंत असलेला बो कागदपत्रांशिवाय अडकू शकतो.