येतंय की आपोआप!

गेल्या दिवाळीत आमची खारी हरवली. खारी म्हणजे आमची मांजर. रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून आजीने ठेवलेलं नाव. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत फटाक्यांची माळ लागली, खारीने खिडकीतून उडी मारली आणि ती अंधारात दिसेनाशी झाली. आम्ही दारात उभे राहून हाका मारल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, "काळजी करू नको गं, येतंय की आपोआप! तो निपाणीकडचा महाराज नाही का आला पंढरपूरहून?" आम्हालाही ते पटलं. आजीने संत अंतोनीपुढे मेणबत्ती लावली आणि आम्ही वाट बघत बसलो. चांगले तीन दिवस.

महाराजची गोष्ट आपल्या बेळगाव जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक आहे. 2024 च्या आषाढी वारीला निपाणी तालुक्यातल्या एका गावचा हा कुत्रा आपल्या माणसाबरोबर चालत पंढरपूरला गेला. तिथल्या गर्दीत दोघांची चुकामूक झाली. माणूस शोधून शोधून एकटाच घरी परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज दारात शेपूट हलवत उभा! सुमारे 250 किलोमीटर अंतर. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ घातली.

हे त्याला जमलं कसं? कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे महाराज पंढरपूरला गाडीत बसून गेला नव्हता. तो सगळा रस्ता त्याने स्वतःच्या पायांनी, वास घेत, खुणा बघत पार केला होता. याशिवाय आणखी एक शक्यता आहे. चेक संशोधकांनी 27 शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून त्यांना जंगलात सोडलं आणि 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बरेच कुत्रे आल्या वाटेनेच वास घेत परतले. पण काहींनी नवीनच वाट धरली आणि त्यातल्या बहुतेकांनी परत फिरताना आधी सुमारे 20 मीटर उत्तर-दक्षिण रेषेत धाव घेतली. कुत्र्यांना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जाणवत असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे काकी काही खोटं बोलत नव्हत्या.

चूक आमची झाली, आणि ती दोन ठिकाणी झाली.

पहिली अशी, की परत आलेल्या प्राण्यांच्याच बातम्या होतात. अमेरिकेत 1923 मध्ये बॉबी नावाचा कुत्रा इंडियाना राज्यात हरवला आणि सहा महिन्यांनी ओरेगनमधल्या घरी पोहोचला. शंभर वर्षांनंतरही लोक ती गोष्ट सांगतात. पण जे कुत्रे रस्त्यातच गाडीखाली गेले, त्यांची गोष्ट सांगणार कोण? मग आपल्याला वाटतं, सगळेच येतात.

दुसरी चूक, मांजराला कुत्र्याच्या मापाने मोजलं. घाबरलेला कुत्रा लांब पळतो आणि वाटेत लोकांना दिसतो. म्हणून कुत्र्यासाठी माणसांना विचारत फिरावं लागतं. घाबरलेलं मांजर मात्र बहुधा जवळच दडून बसतं आणि तोंडातून आवाज काढत नाही. आवाज केला तर शत्रूला पत्ता कळतो, ही त्याची उपजत भीती. तुम्ही हाक मारली तरी ते ओ देईलच असं नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1,210 हरवलेल्या मांजरांची माहिती मालकांकडून गोळा केली होती. सापडलेल्यांपैकी 75 टक्के मांजरं घरापासून 500 मीटरच्या आतच होती. काही आपोआपही आली. पण जिथे लोकांनी स्वतः फिरून शोध घेतला, तिथे मांजर जिवंत मिळण्याची शक्यता जास्त होती.

हे सगळं मी चौथ्या दिवशी वाचलं. त्या रात्री दोन वाजता, गल्ली शांत झाल्यावर, पप्पा आणि मी टॉर्च घेऊन बाहेर पडलो. मांजराच्या डोळ्यांत उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधारात टॉर्चने डोळे चमकतात. गाड्यांखाली, गटाराच्या कडेला, लाकडांच्या ढिगात, सगळीकडे बघितलं. शेवटी काकींच्याच अडगळीच्या खोलीच्या दाराशी आजी हळूच "खारी, खारी" म्हणाली आणि आतून एक बारीकसा आवाज आला. दिवाळीच्या रात्री काकींनी सामान ठेवून कडी लावली होती. आमच्या दारापासून साठ पावलं. खारीला घराचा रस्ता पक्का माहीत होता, पण कडी कशी काढणार? आत पाण्याचा थेंब नव्हता. तिला उचललं तेव्हा हाताला नुसती हाडं लागली. आणखी दोन दिवस वाट बघितली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

म्हणून सांगते. मांजर हरवलं तर त्याच दिवशी आसपासच्या घरांतल्या बंद खोल्या, गॅरेज आणि माळे उघडून बघायला सांगा. नुसतं "दिसलं का?" विचारू नका, स्वतः वाकून बघा. रात्री पुन्हा जा. गळ्यात फोन नंबर लिहिलेला पट्टा असू द्या. मायक्रोचिप बसवली असेल तरी लक्षात ठेवा, तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप प्राणी कुठे आहे हे सांगत नाही. प्राणी सापडल्यावर स्कॅनर लावला तरच नंबर कळतो.

शुभवर्तमानातला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून एका हरवलेल्या मेंढराला शोधायला जातो. लहानपणापासून मी हा दाखला ऐकत आले, पण तो मेंढपाळ "येईल आपोआप" म्हणून बसत नाही, हे मात्र त्या रात्रीच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी आजीला चिडवलं, "तुझ्या संत अंतोनीला तीन दिवस लागले!" आजी खारीला दूध पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "तो शोधून देतो गं. पण टॉर्च आपणच धरायला नको का?"