माझे बोंबील, त्यांचं कापड

मेल आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. नाकाने मोबाइल अनलॉक होत नाही, हे ज्ञान मला त्या दिवशी प्राप्त झालं. शेवटी रूममेटने मेल वाचून दाखवला. एका एक्स्पोर्ट हाउसच्या डिझाइन स्टुडिओला माझं 'फिश प्रिंट' प्रचंड आवडलं होतं. मी फाइल पाठवायची, सगळे हक्क त्यांचे, माझं नाव कुठेही नाही, एकरकमी पंचवीस हजार.

"पार्टी!" रूममेट किंचाळली. मीही किंचाळले. फायनल इयरला असताना लिनो, शाई आणि वडापाव यांत खिसा कायम रिकामा असतो. त्यात पंचवीस हजार म्हणजे लॉटरीच!

पार्टी अजून झालेली नाही. का नाही झाली, हे सांगायचं तर आधी बोंबलांची गोष्ट सांगायला हवी.

वेसाव्याचे बोंबील

मी टेक्स्टाइलची स्टुडंट, पण जीव जडलेला प्रिंटमेकिंगवर. लेक्चर संपलं की मी प्रिंटच्या स्टुडिओत. तिथल्या सरांनी आधी हाकललं, मग दुर्लक्ष केलं, मग चहा सांगायला लागले. लिनोकट हे माझं पहिलं प्रेम. लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, जे पांढरं हवं ते कोरून काढायचं, उरलेल्या भागावर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि प्रेस नसेल तर चक्क चमच्याच्या पाठीने घासायचं. घरातला एक डाव मी याच कामासाठी पळवला होता. आईला अजून माहीत नाही. आता कळेल.

मागच्या वर्षी सुट्टीत वेसाव्याला एका मैत्रिणीकडे गेले होते. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या आणि त्यावर बोंबील वाळत घातलेले. मी बोंबील आजवर फक्त ताटात पाहिले होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. ना खिळा, ना चिमटा. माशाच्या दातांनीच मासा टांगलेला! अशा ओळीमागून ओळी, वाऱ्यावर हलणाऱ्या. मैत्रिणीची आई बोलता बोलता, माझ्याकडे बघत, हाताने जोड्या अडकवत होती. हाताकडे एकदाही बघितलं नाही तिने.

मी तिथेच स्केच काढलं. आठवडाभरात लिनो कोरून झाला. तीन रंगांचा आणि तोही 'रिडक्शन' पद्धतीने. म्हणजे एकाच तुकड्यावर सगळे रंग. पहिला रंग सगळ्या कागदांवर छापायचा, मग तोच तुकडा आणखी कोरायचा, दुसरा छापायचा, पुन्हा कोरायचा. एकदा कोरलं की मागे जाणं नाही. पुढे हौस आली म्हणून तेरावी प्रत काढता येत नाही, कारण पहिल्या रंगाचा ठसा जगात उरलेलाच नसतो. माझ्या बारा प्रती निघाल्या. प्रत्येकीखाली पेन्सिलीने १/१२, २/१२ आणि सही. प्रिंटमेकर लोक या आकड्याला फार जपतात, एवढ्याच प्रती निघतील हा शब्द असतो तो. मला तेव्हा ती एक स्टाइल वाटायची.

मांजरपाट फसतं तेव्हा

मग डोक्यात किडा वळवळला की हे कापडावर का नको? मंगळदास मार्केटमधून मांजरपाट आणलं, खळ जाईपर्यंत धुतलं, त्याच आकाराचा नवा लिनो कोरला आणि ठोकला ठसा. पहिला वाईट. दुसरा त्याहून वाईट. कागदावर शाई वर बसते, कापड ती पिऊन टाकतं. बोंबलाच्या कल्ल्यांच्या नाजूक रेषा सगळ्या बुजून गेल्या. लिनोची जाडीच जेमतेम तीन मिलिमीटर, त्यात खोल किती कोरणार! शाई घट्ट केली तर कापड पापडासारखं कडक. शेवटी रेषा कमी केल्या, कल्ले काढून टाकले, जबडे मोठे केले. चित्र म्हणून गरीब झालं, पण ठसा म्हणून उठायला लागलं.

तीन मीटर छापून झाल्यावर कापड भिंतीवर लावलं आणि लांब उभी राहिले. कापडावर वरपासून खालपर्यंत एक पांढरी गल्ली दिसत होती. एकही मासा चुकलेला नाही, तरी मधोमध गल्ली! सर चहा घेऊन आले, दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "तू चित्र बारा इंचांचं काढलंस. कापड बारा इंचांवर संपत नाही."

ही गोष्ट पुस्तकात शिकवलेली असते हो. परीक्षेत लिहिलेलीही असते. पण कागदावर चित्राला चार कडा असतात आणि कडेला चित्र थांबतं. कापडावर उजवी कड पुढच्या ठशाच्या डावीला भेटते, वरची खालच्या कडेला. माझ्या चित्रात कडेला सोडलेली बोटभर मोकळी जागा प्रत्येक ठशाबरोबर पुन्हा आली आणि त्या सगळ्या जागांची मिळून गल्ली झाली. कागदावर एक चूक एकदाच दिसते. कापडावर ती वरात काढते.

उपाय जुनाच, 'हाफ ड्रॉप'. दुसरी उभी ओळ अर्ध्या ठशाने खाली सरकवायची, तिसरी पुन्हा वर. विटांच्या भिंतीत सांधे एकाखाली एक येऊ देत नाहीत ना, तसंच, फक्त आडवं सरकवायचं ते उभं सरकवायचं. शिवाय कडेचा बोंबील मुद्दाम अर्धा कापला, म्हणजे त्याचं शेपूट शेजारच्या ठशात जाऊन पूर्ण होईल. चौथ्या प्रयत्नात गल्ली गेली. जबड्यात जबडा अडकलेला, ठशात ठसा अडकलेला. त्या रात्री मी फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला आणि ढाराढूर झोपले. हा फोटो लक्षात ठेवा.

लिनो कापडावर फार टिकत नाही म्हणून डिसेंबरात मी गुजरातमध्ये गांधीनगरजवळच्या पेथापूरला गेले. छपाईसाठी सागाचे ठसे कोरणारं हे गाव. तिथल्या एका काकांनी माझा लिनो हातात घेतला, बोटाने खोली चाचपली आणि हसले. "बेटा, हे कागदाचं काम," एवढंच. मग त्यांनी ठशात आरपार भोकं कशी पाडतात ते दाखवलं. मोठ्या सपाट भागाखाली हवा अडकली तर रंग नीट बसत नाही, म्हणून तिला वाट ठेवायची. कोपऱ्यात खुणेचा ठिपका, पुढचा ठसा कुठे टेकवायचा ते सांगायला. तयार ठसा काही दिवस तेलात मुरवायचा. माझे बोंबील त्यांनी कोरायला घेतले. मी विचारलं, "काका, ठशावर तुमचं नाव कुठे कोरता?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

पन्नासच्या पुढे

आता मेलकडे येऊ. माझा मावसभाऊ वकील आहे. मी उत्साहात फोन केला, "दादा, फक्त कॉन्ट्रॅक्टवर नजर टाक ना."

"डिझाइन रजिस्टर केलंयस?"

"कॉपीराइट असतोच ना आपोआप! मीच काढलंय."

"अगं वेडे, कागदावर. कापडाचं गणित वेगळं आहे."

आणि त्याने जे सांगितलं ते आमच्या वर्गात निम्म्या पोरांना माहीत नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पंधरावं कलम आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट तुम्ही नोंदवली नाहीत आणि ती लावलेली वस्तू तुम्ही किंवा तुमच्या परवानगीने दुसऱ्या कुणी औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा तयार केली, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. पन्नास! एक्स्पोर्ट हाउसला पन्नास म्हणजे सकाळचा चहा व्हायच्या आत. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी केली तर दहा वर्षं संरक्षण मिळतं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टात सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीचा खटला असाच गेला. कंपनी म्हणत होती ही आमची कलाकृती आहे. कोर्टाने म्हटलं, हे कापडावर लावायचं डिझाइन, आणि नोंदणी नाही तर संरक्षण नाही.

"पण माझं आधी कागदावर होतं! बारा प्रती! सही आहे!"

"वाद घालता येईल," दादा म्हणाला. वकील 'वाद घालता येईल' म्हणाला की समजावं, आपले पैसे जाणार. कला कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होतं, याची कसोटी सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये घालून दिली, पण ती प्रत्येक केसला वेगळी लावायची.

"बरं, मग आत्ता नोंदवते."

"कुठे दाखवलंयस का आधी?"

तो फोटो. चारशे बावीस लाइक्स. नोंदणीसाठी डिझाइन नवं लागतं, आणि अर्जाआधी जगासमोर मांडलेलं डिझाइन नवं धरत नाहीत. ज्या पोस्टमुळे कंपनीने मला शोधलं, त्याच पोस्टने माझा दरवाजा बंद केला होता. यात दोष कुणाला देणार? अंगठा माझाच होता.

मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. लायब्ररीत विल्यम मॉरिसचं पुस्तक चाळत बसले. त्याच्या बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या पळवणाऱ्या पक्ष्यांवरून त्याने 'स्ट्रॉबेरी थीफ' हे कापड केलं. निळीची ती छपाई इतकी किचकट होती की कापड हातात यायला दिवसच्या दिवस लागायचे. आजही ते त्याच्या नावाने विकलं जातं. आणि साहेबांनी ते मे १८८३ मध्ये रीतसर रजिस्टर केलं होतं! कवी, समाजवादी, स्वप्नाळू वगैरे सगळं ठीक, पण कागदपत्रं चोख. आपल्याकडे प्रभाकर बरवेंसारख्या चित्रकाराने विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी केली. त्यांची चित्रं त्यांच्या सहीने ओळखली जातात. केंद्राच्या कामातलं बरव्यांचं नेमकं कुठलं, हे मला तरी एखाद्या कापडाकडे बघून सांगता येणार नाही.

रूममेटचं म्हणणं साफ होतं, "घे पैसे. तू उद्या दुसरं काढशील. नाव काय, भाडं भरणारे का?" चूक नाही तिचं. आमच्या बॅचमधल्या दोघांनी अशाच फाइल्स विकल्यात आणि त्यांचं व्यवस्थित चाललंय. मला पैशांचा तिटकारा वगैरे मुळीच नाही. पण 'सगळे हक्क' या शब्दांशी मी अडखळत होते. सगळे म्हणजे, मी स्वतः पुन्हा बोंबील छापले तर तेही त्यांचे. त्या जबड्यांची युक्ती माझी नाही, वेसाव्याच्या बायकांची आहे. ती मी विकायची आणि मग मलाच वापरता येणार नाही?

मी उत्तर लिहिलं. दादाने तीनदा दुरुस्त केलं. बोंबील देणार नाही. नवीन पॅटर्न करते, आधी माझ्या नावाने नोंदणीचा अर्ज जाईल, मग ठरावीक मीटर आणि दोन वर्षांसाठी वापरायला देते, आणि कापडाच्या किनारीवर माझं नाव छापायचं. पाठवताना पोटात गोळा आला होता.

बोंबील मी स्वतः छापतेय, सागाच्या ठशाने, अडीच मीटरच्या पंचवीस तुकड्यांत. कापडावर पेन्सिल टिकत नाही, धुतलं की आकडा गेला. म्हणून किनारीवर निळ्या दोऱ्याने टाके घालून नंबर लिहितेय. हे काम आईने अंगावर घेतलंय (डावाचं प्रकरण तिला हे वाचूनच कळणार). पहिला तुकडा, १/२५, वेसाव्याला पोचवला. मैत्रिणीच्या आईने तो उलगडला, पालथा करून पाहिला आणि म्हणाली, "बोंबील बरे आहेत गो. पण एवढे जवळजवळ टांगलेस तर सुकतील कधी?"

कंपनीचं उत्तर काल आलं. नाव किनारीवर चालेल, मुदतीबद्दल बोलू. फक्त एक शंका आहे, त्यांचे काही ग्राहक शाकाहारी आहेत, तर नवीन पॅटर्नमध्ये माशांऐवजी पानं घेता येतील का?

मी वहीत शेवग्याच्या शेंगा काढायला घेतल्यात. फोटो टाकलेला नाही.