एकविसाव्या दिवसाची भेट

सकाळचे साडेदहा वाजताहेत. वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या या दोन खोल्यांच्या घरात बाळासाठी पंखा बंद ठेवला आहे. आजीनं बाज भिंतीकडे सरकवून सतरंजी अंथरली आहे. आशाताई पिशवीतून एकेक वस्तू काढून तिच्यावर मांडते आहे: थर्मामीटर, घड्याळ, झोळीचा काटा, ब्लँकेट. बाळाचा आज एकविसावा दिवस, म्हणजे ठरलेल्या गृहभेटीचा.

"जन्मलं तवा रडलंच नाही जी," आजी मला सांगते. "डॉक्टरनं तोंडाले फुगा लावून हवा भरली, मंग श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी झटके आले."

आशाताई हात साबणानं धुऊन येते. बाळाच्या छातीवरचं दुपटं बाजूला करते आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. तोवर घरात कुणी बोलत नाही. ४६. साठच्या आत आहेत, ठीक. मग ती बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट हलकेच दाबते आणि उचलते. दाबलेली जागा क्षणभर पिवळी दिसते. ती बाळाला दारातल्या उजेडात नेते आणि कपाळावर पुन्हा दाबून पाहते. कावीळ अजून उतरलेली नाही.

"दूध कसं ओढतो?"

"ओढते, पन लवकर थकते," बाळाची आई म्हणते. "दिवसभर झोपूनच रायते. शी तीन-तीन दिवस होत नाही."

"रडलं नव्हतं ना," आजी लगेच म्हणते, "म्हनून असं सुस्त हाय."

या घरात सगळ्या प्रश्नांना हेच एक उत्तर आहे, आणि मला भीती वाटते ती याच उत्तराची. जन्मताना प्राणवायू कमी पडला की मेंदूला इजा होते. मग बाळ मलूल राहतं, अंग सैल पडतं, दूध ओढताना थकतं. झटक्यांच्या औषधानंही गुंगी येते. पण थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं तरी बाळ असंच दिसतं: झोपाळू, सैल, दुधाला मंद, बद्धकोष्ठ झालेलं, कावीळ लांबलेलं. पहिलं कारण घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं, त्यामुळे दुसरं शोधायचं राहून जातं.

"सगळं त्याच्यावर नका ढकलू, आजी," आशाताई म्हणते आणि डिस्चार्ज कार्ड मागते. घडी पडलेला कागद सतरंजीवर उघडला जातो. वरच्या बाजूला लिहिलंय: एचआयई, स्टेज टू, म्हणजे प्राणवायूअभावी मेंदूला झालेली इजा. खाली औषधांनंतर थायरॉइडच्या तपासणीची एक ओळ आहे: टीएसएच आणि फ्री टी-फोर, दोन आठवड्यांनी पुन्हा.

"पन पहिला रिपोर्ट चांगला आला होता ना, ताई?" आई विचारते.

तिचा प्रश्न रास्त आहे. पण जन्मानंतर अर्ध्या तासातच बाळाच्या रक्तात थायरॉइडला चालना देणारा टीएसएच उसळतो, कधी साठाच्याही वर जातो, आणि काही दिवसांत खाली येतो. फार लवकर घेतलेला नमुना त्यामुळे निरोगी बाळालाही आजारी ठरवू शकतो. गंभीर आजारी बाळात उलटही घडतं. आजारपणानं टी-थ्री, टी-फोर ही थायरॉइडची संप्रेरकं उतरतात. रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेलं डोपामिन टीएसएच दाबून ठेवतं आणि खरा दोष झाकला जातो. पहिला आकडा चांगला असो की वाईट, अशा बाळाबाबत तो शेवटचा मानता येत नाही. म्हणून दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायचं असतं.

नुसत्या आजारपणानं उतरलेला आकडा बहुतेक बाळांत आपोआप सावरतो. त्यासाठी संप्रेरक दिल्यानं मेंदू वाचतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण भारतात साधारण हजार-अकराशे जन्मांमागे एका बाळाला जन्मजात थायरॉइडची कमतरता असते, आणि ते एक बाळ जन्मताना न रडलेलंही असू शकतं. त्याला रोज लेव्होथायरॉक्सिनची गोळी चुरून, चमचाभर आईच्या दुधात द्यायची. मेंदूची वाढ सर्वांत वेगानं होते त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती चुकता कामा नये.

प्राणवायूअभावी झालेल्या इजेवर आपल्याकडे असा सोपा इलाज नाही. बाळाचं शरीर ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत उपयोगी ठरला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या 'हेलिक्स' चाचणीत त्यानं मृत्यू कमी केले नाहीत, उलट वाढले; हे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. एक घाव झालेला आहे, तो पुसता येत नाही. त्याच मेंदूवर दुसरा घाव पडू न देणं मात्र एका रक्ततपासणीच्या आवाक्यात आहे.

तपासणीसाठी लांब जायचीही गरज नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे. आचार्य विनोबा भावे यांच्या नावाचं सावंगीचं रुग्णालयही जवळच आहे.

"गोळी लागली तर जन्मभर काय?" दाराशी उभा असलेला बाप पहिल्यांदाच बोलतो.

"ते डॉक्टर सांगतील. काही लेकरांची तिसऱ्या वर्षानंतर बंद करून पाहतात," आशाताई म्हणते. "आधी लागते का, ते तर कळू द्या."

"मंग उद्या जातो."

"उद्या कायले? आजच जा, ओपीडी सुरू आहे. हे कार्ड आणि पहिला रिपोर्ट, दोन्ही न्या. बाळ किती दिवसांचं आहे ते सांगा, कावीळ आहे तेही सांगा." ती आपल्या वहीत तारीख लिहिते आणि खाली बापाचा नंबर घेते. "रिपोर्ट हाती आला की मला फोन करा. अठ्ठाविसाव्या दिवशी मी येतेच, पण तोवर वाट पाहायची नाही."