लालबाग-परळचे मत

मुंबई महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात, म्हणजे परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी या पट्ट्यात, सात निवडणूक प्रभाग आहेत. क्रमांक 200 ते 206. बाहेरचा माणूस त्यांना ‘सेनेचा बालेकिल्ला’ म्हणून मोकळा होतो. पण हा किल्ला आधी दुसऱ्याचा होता, आणि सेनेच्या हाती आल्यावरही तो दर निवडणुकीला नव्यानेच राखावा लागला.

1948 पूर्वी इथल्या बहुतेकांना पालिकेचे मतच नव्हते. मताधिकाराला मालमत्तेची, भाड्याची अट होती. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार त्या अटीत कुठून बसणार? मत नव्हते, राजकारण मात्र भरपूर होते. 1928 साली गिरणी कामगार युनियन उभी राहिली. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस आधी गावच्या खोलीत, मग खानावळीत, मग गिरणीच्या खात्यात आणि तिथून लाल बावट्याच्या सभेत पोचायचा. प्रौढ मताधिकार आला तेव्हा ही साखळी तयारच होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत 1957 साली समितीने पालिका जिंकली आणि पुढच्याच वर्षी मीरत कटाच्या खटल्यातले कम्युनिस्ट एस. एस. मिरजकर महापौर झाले.

1966 मध्ये शिवसेना आली. डिसेंबर 1967 मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कम्युनिस्टांच्या कार्यालयावर हल्ला झाला. 1968 च्या पालिका निवडणुकीत सेनेने प्रजा समाजवाद्यांशी युती करून 140 पैकी 42 जागा घेतल्या. 5 जून 1970 ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना हरवून वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले. गिरणगावाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथे ‘आणि लाल भगवा झाला’ म्हणून पान उलटतात. मला ते घाईचे वाटते. महाडिकांचे मताधिक्य दोन हजारांच्याही आत होते. म्हणजे दर दोन मतदारांमागे जवळपास एक जण अजून पलीकडेच उभा होता, आणि बरेचदा त्याच चाळीत.

खरी गंमत 1984-85 ची. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरण्यांचा संप विरून गेला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले होते आणि कित्येकांना गिरणीचे फाटक पुन्हा उघडलेच नाही. डिसेंबर 1984 मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत देशभर काँग्रेसचे उमेदवार निवडून येत असताना, दक्षिण मध्य मुंबईने संपाचे नेते दत्ता सामंत यांना लोकसभेत पाठवले. त्यानंतर काही महिन्यांतच, 1985 मध्ये, पालिका शिवसेनेच्या हाती गेली आणि छगन भुजबळ महापौर झाले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या भीतीने तेव्हा हवा तापली होती, हे खरेच. पण नुसत्या हवेवर चाळ मत देत नाही. दिल्लीला संपाचा माणूस धाडायचा, त्यात मान होता, रागही होता. पालिकेत मात्र असा माणूस हवा होता, जो रात्री-अपरात्री दार ठोठावल्यावर उठेल.

तो माणूस सेनेच्या शाखेत बसत होता. संध्याकाळी शटर वर, बाहेर काळा फळा, आत शाखाप्रमुख आणि दोनचार गटप्रमुख. नळाला पाणी नाही, पोराचा दाखला अडला, केईएममध्ये खाट मिळत नाही, मयताला गाडी हवी, ही सगळी गाऱ्हाणी तिथे यायची. पूर्वी यातले पुष्कळसे युनियन आणि गावाचे मंडळ करत असे. गिरणी बंद पडल्यावर युनियनकडे सभासदच उरला नाही. शाखेने लाल बावट्याला हरवले म्हणण्यापेक्षा त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ती बसली, असे मी म्हणेन. शाखेतली दादागिरी आणि वर्गणीचा धाक मी विसरलेलो नाही. तो धाक चाळीलाही ठाऊक होता, तरी कामाला तिथेच जावे लागे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही. संपात पुरुष घरी बसले किंवा गावी गेले, तेव्हा घर बायकांनी चालवले: खानावळी, मसाले, पापड. 1992 च्या निवडणुकीपासून पालिकेत महिलांसाठी जागा राखीव झाल्या. बायको उभी आणि कारभार नवऱ्याचा, असे प्रकार झालेच. पण श्रद्धा जाधव आणि किशोरी पेडणेकर या दोन महापौर याच गिरणपट्ट्यातून वर आल्या.

2006 नंतर सेनेतूनच फुटलेल्या मनसेने पट्टा हलवला. 2009 ला शिवडीत बाळा नांदगावकर आमदार झाले, 2012 ला मनसेने शहरात 28 नगरसेवक निवडून आणले. शाखेतलीच मुले रस्त्याच्या पलीकडे दुसरा फलक लावून बसली होती. 2017 ला मनसे सातवर आली. मग 2022: मार्चमध्ये पालिकेची मुदत संपून प्रशासक बसला, जूनमध्ये शिवसेना फुटली. जवळपास चार वर्षे नगरसेवकच नव्हता, तरी माजी नगरसेवकांकडे माणसे जातच होती. 15 जानेवारी 2026 ला अखेर मतदान झाले. 89 जागा घेऊन भाजप शहरात पहिला आला, ठाकरेंची सेना 65 वर थांबली. लालबाग-परळ-शिवडीचा कौल मात्र शहरापेक्षा वेगळा, ठाकरेंकडे झुकलेला राहिला.

पण आता मतदारच बदलतो आहे. गिरण्यांच्या जागी 2001 नंतर मॉल आणि टॉवर वाढले, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती वाट अडवली नाही. पुनर्विकासात जुने भाडेकरू एका इमारतीत, विक्रीचे फ्लॅट दुसरीत, बरेचदा दोघांची फाटकेही वेगळी. काही कुटुंबे संक्रमण शिबिरात. मतदार यादीत नाव जुन्या चाळीच्या पत्त्यावर, आणि मतदानाला येतात ती लोकलने. उमेदवार चाळीच्या गॅलरीतून दार ना दार फिरू शकतो. टॉवरमध्ये त्याला आधी सोसायटीच्या ऑफिसातून परवानगी काढावी लागते, आणि तिथल्या रहिवाशाला नळाच्या पाण्यासाठी नगरसेवक लागत नाही.