चाळिशीतला विद्यार्थी : पु. ल. देशपांडे



मागे पिंपळवंडीच्या ऊस मेळाव्यात आम्ही काणी रोगावर तासभर बोललो. पुढे एका सभासदाच्या खोडव्यात गेलो, तर शेंड्याशेंड्यातून काळे चाबूक निघालेले! "अहो, मेळाव्याला तर होतात तुम्ही," आम्ही म्हणालो. "होतो की साहेब. पण तुम्ही बोललात ती काणी हीच, हे कुठं ठाऊक? टीव्हीवर दाखवतात तसं दाखवायचं होतं."

चूक आमचीच. त्या रात्री आम्हांला पु. ल. देशपांडे आठवले. लेखक पु. ल. घरोघरी ठाऊक आहेत. दूरदर्शनच्या पहिल्या दिवसांतले निर्माते पु. ल. मात्र फार थोड्यांना ठाऊक.

जन्म ८ नोव्हेंबर १९१९, मुंबईचा. मास्तरकी केली, नाटक-सिनेमात रमले. 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटाची कथा, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका सारे त्यांचेच. आपले नारायणगाव तमाशाची पंढरी. त्याच तमाशाच्या बाजात त्यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिले. म्हणजे जे सांगायचे ते लोकांना कळेल अशा रीतीने सांगायचे, ही खोड जुनीच.

१९५५ साली ते आकाशवाणीत गेले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. काम अगदी नवे, वाट कुणाच्या पायाखालची नाही. पु. ल. तेव्हा चाळिशीला टेकलेले, नाव झालेले. तरी बीबीसीत जाऊन विद्यार्थ्यासारखे शिकले. त्या प्रवासावर 'अपूर्वाई' लिहिले. पंडित नेहरूंची दूरदर्शनवरची पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांचाच. पुढे 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कमाईतला मोठा वाटा त्यांनी प्रतिष्ठानामार्फत समाजकार्याला दिला. पुण्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रालाही त्यांचा हातभार होता. १२ जून २००० रोजी पुण्यात ते गेले.

टीव्हीचे वारे आपल्याकडे यायला वेळ लागला. शेजारच्या आर्वीला १९७१ साली उपग्रह भूकेंद्र झाले, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पुढल्या वर्षी पुण्यात चित्र दिसू लागले. मग 'आमची माती, आमची माणसं'मधून शेतकऱ्याला शेतीच पडद्यावर दिसू लागली.

आम्हीही चाळिशी ओलांडली. पदविका घेऊन वर्षे झाली. शिकलो ते पुरेसे, असे वाटत होते. त्या खोडव्याने डोळे उघडले.

तेव्हा यापुढचा मेळावा मंडपात नाही, बांधावर. काणीचा चाबूक पिशवीत झाकून कसा काढायचा, म्हणजे काळी भुकटी उडत नाही. बेट मुळासकट उपटून कसे जाळायचे. असल्या प्लॉटचा खोडवा का ठेवू नये आणि बेणे बेणेमळ्यातलेच का घ्यावे, हे डोळ्यांनी दाखवू. काही कळले नाही तर भिडस्तपणे मान डोलवू नका, तिथेच आम्हांला अडवा. ऊस तुमचा, नुकसान तुमचे. समजेल असे सांगणे हे काम आमचे.