कार्बुरेटर : लखनौच्या स्कूटरचा श्वास

लखनौचे नाव निघाले की इमामबाड्यांच्या कमानी, चिकनकाम आणि अत्तरे ह्यांचीच आठवण प्रथम होते. परंतु ह्याच शहराने एके काळी भारतीय कुटुंबांना एक स्कूटर दिली होती, ही गोष्ट आजच्या तरुण वाचकांस मुद्दाम सांगावी लागते. कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सरोजिनीनगर येथे, ‘स्कूटर्स इंडिया लिमिटेड’ हा केंद्र सरकारचा कारखाना १९७२ साली स्थापन झाला. इटलीतील मिलान शहरी इनोसेंटी कंपनी १९४७ पासून ‘लँब्रेटा’ नावाची स्कूटर तयार करीत असे. तिने ते काम बंद केल्यावर तेथील यंत्रसामग्री, आराखडे आणि नावाचे हक्क ह्या कारखान्यासाठी विकत घेण्यात आले. मुंबईकरांस लँब्रेटा नवखी नव्हती. ‘ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ ही मुंबईची कंपनी ती पूर्वीपासूनच बनवीत होती. लखनौची स्कूटर १९७५ पासून बाजारात आली आणि देशात ती ‘विजय सुपर’ ह्या नावाने घरोघरी पोचली.

१९९७ साली लखनौत दुचाकींचे उत्पादन थांबले. ‘विक्रम’ ही तीनचाकी त्यानंतरही निघत राहिली. परंतु जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखानाच बंद करण्यास मान्यता दिली. गाड्या मात्र उरल्या आहेत. कोणाच्या अंगणात, कोणाच्या जिन्याखाली, वडिलांच्या किंवा आजोबांच्या आठवणीसह त्या उभ्या आहेत. अशी गाडी पुन्हा चालू करावयाची झाल्यास बहुधा पहिली अडचण येते ती कार्बुरेटरची. हा भाग मुठीत मावण्याएवढा. तो सुधारण्यास मोठा खर्च लागत नाही. परंतु अंदाजाने काम केले, तर जे इंजिन आता कोणीच बनवीत नाही ते कायमचे गमावण्याची वेळ येते. म्हणून ह्या लहानशा यंत्राची ओळख प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने करून घेणे इष्ट होय.

हवा आणि पेट्रोल ह्यांचा मेळ

डासांवर औषध मारण्याचा जुना हातपंप पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. दट्ट्या पुढे लोटला की हवेचा झोत डबीतील नळीच्या तोंडावरून वेगाने जातो, तेथील दाब कमी होतो, औषध आपोआप वर चढते आणि त्याचे तुषार होतात. कार्बुरेटरचे तत्त्व हेच. इंजिन हवा ओढून घेते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब घटतो. अशा गळ्यास इटालियन शास्त्रज्ञ जोव्हानी बातिस्ता व्हेंचुरी (१७४६–१८२२) ह्यांच्या नावावरून ‘व्हेंचुरी’ म्हणतात. दाब घटल्यामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल ‘जेट’ नावाच्या बारीक भोकाच्या पितळी स्क्रूमधून वर येते व तुषाररूपाने हवेत मिसळते. वाटीतील पेट्रोलची पातळी कायम राखण्याचे काम तरंगता फ्लोट आणि त्याची सुई करतात. मूठ पिरगाळली की गळ्यातील झडप, म्हणजे स्लाइड, वर सरकते आणि अधिक हवा आत येते.

एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर धूर होतो, प्लग काजळतो आणि पैसा वाया जातो. कमी झाले तर संकट त्याहून मोठे असते. विजय सुपरचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्याच्या दट्ट्यास वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. पेट्रोल कमी गेले की इंजिन अधिक तापते आणि त्याच वेळी तेलही कमी मिळते. मग भर वेगात दट्ट्या सिलिंडरमध्ये धरला जातो आणि मागचे चाक एकाएकी अडकते. कार्बुरेटरच्या कामात नेमकेपणाचा इतका आग्रह धरावयाचा तो ह्याच कारणाने.

काम हाती घेण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत जाऊन भडका घेते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत कधीही करू नये. मोकळी हवा असावी. बिडी, देवघरातील दिवा, हीटर ह्यांपैकी काहीही जवळ नसावे. वाळूची बादली हाताशी ठेवावी आणि मुलांना दूर बसवावे.

एक पांढरी थाळी घ्यावी. पेट्रोलची तोटी बंद करून कार्बुरेटर उतरवावा आणि प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. पुढे जोडणीच्या वेळी आपल्या स्मरणशक्तीपेक्षा ही चित्रे अधिक उपयोगी पडतात. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवीत किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजून लिहून ठेवावे. बहुतेक कार्बुरेटरांत हा आकडा दीड ते दोन फेऱ्यांच्या आसपास असतो. तो जोराने आवळू नये. त्याचे टोक आणि त्याची बैठक दोन्ही बिघडतात.

जेट आणि तार

पितळी जेट मऊ असते. त्याच्या खाचेत नीट बसेल असाच पेचकस वापरावा. लहान पेचकसाने खाच फाटते आणि जेट आतच अडकून राहते. बाहेर काढल्यावर त्यावर कोरलेला आकडा भिंगाने वाचावा. इटलीच्या देल-ओर्तो पद्धतीच्या कार्बुरेटरांत हा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो; म्हणजे १०० क्रमांकाच्या जेटचे भोक १ मिलिमीटर व्यासाचे. इंग्लंडच्या आमाल कार्बुरेटरच्या मुख्य जेटवरील आकडा मात्र त्यातून वाहणाऱ्या इंधनाचे प्रमाण दर्शवितो. म्हणून एका पद्धतीचे जेट आकडा पाहून दुसरीत बसवू नये.

जेट तुंबले की त्यात तार किंवा टाचणी घालण्याचा मोह अनेकांस होतो. ह्यात काय बिघडते ते हिशेबाने पाहू. १ मिलिमीटरचे भोक तारेने घासून ०.०५ मिलिमीटरने, म्हणजे बारीक केसाच्या जाडीइतके मोठे झाले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १० टक्क्यांनी वाढते. डोळ्यास हा फरक दिसत नाही. तो इंजिनास कळतो आणि मालकाच्या खिशास कळतो. जेट कार्बुरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवावे, दाबाच्या हवेने फुंकावे आणि उजेडाकडे धरून भोक स्वच्छ गोल दिसते की नाही ते पाहावे. तरीही साफ होत नसेल तर नवे घ्यावे.

धातूच्या मुख्य अंगास आतून अनेक बारीक वाटा असतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत पेट्रोल उडून जाते आणि त्याचा चिकट राळेसारखा थर ह्या वाटांत राहतो. क्लीनर फवारून प्रत्येक वाट एका टोकाने फुंकावी व दुसऱ्या टोकाशी हवा येते का ते तपासावे. ह्या वेळी डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा, कारण तुषार अनपेक्षित भोकातून उलटे येतात.

फ्लोट, सुई आणि झीज

फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटला आहे असे समजावे. असा फ्लोट जड होऊन बुडतो आणि वाटी भरून वाहू लागते. बारीक छिद्र शोधण्यास तो क्षणभर गरम पाण्यात बुडवावा. बुडबुडे निघतील तेथे छिद्र आहे. पितळी फ्लोटास डाख देता येतो, परंतु आतील पेट्रोल आणि त्याची वाफ संपूर्ण गेल्याखेरीज त्यास उष्णता लावणे म्हणजे स्फोटास निमंत्रण होय. शिवाय डाख जास्त झाला तर फ्लोटाचे वजन वाढून पातळीही बदलते. मिळत असल्यास नवा फ्लोट घेणेच बरे. फ्लोटच्या सुईच्या टोकावर कंकणासारखी खूण पडली असेल तर ती सुई बदलावी.

ह्यानंतर स्लाइड पाहावी. ती आपल्या खोबणीत फार सैल हलत असेल, तर बाजूने फाजील हवा शिरते आणि गाडी संथ चालीवर कधीच स्थिर राहत नाही. ही झीज धुण्याने जात नाही. नवी स्लाइड किंवा चांगल्या टर्नरचे काम हाच उपाय. इंजिनास टेकणारी कड सपाट काचेवर ठेवून पाहावी. बोल्ट अतिरेकाने आवळल्यामुळे ती वाकलेली असते, आणि त्या फटीतून येणारी हवा मिश्रण पातळ करते.

नव्या पेट्रोलचा प्रश्न

जुन्या गाडीच्या मालकापुढे आज एक नवी बाब आहे. भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, जुने रबर फुगवते आणि जस्तमिश्रित धातूवर पांढरी भुकटी आणते. म्हणून नळ्या, वॉशर आणि सील इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत. दुसरे असे की, ह्या मिश्र इंधनास जळण्यासाठी वजनाने सुमारे १३.५ भागच हवा लागते. त्यामुळे पूर्वीच्याच जेटमधून मिश्रण काहीसे पातळ होते, आणि टू-स्ट्रोक इंजिनात पातळ मिश्रणाचा अर्थ काय तो आपण वर पाहिलाच आहे. मुख्य जेट किंचित मोठे करावे लागेल काय, हे प्लगचा रंग पाहून ठरवावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बुरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी.

जोडणी आणि जुळवणी

जोडताना नवी गॅस्केट वापरावीत. स्क्रू बेताने आवळावेत. कार्बुरेटरचा धातू मऊ असल्याने आटे सहज जातात. टाकीत गंज असेल तर आधी टाकी व तोटीची जाळी साफ करावी, अन्यथा धुतलेला कार्बुरेटर दोन दिवसांत पुन्हा तुंबतो. तोटी उघडून पाच मिनिटे गळती पाहावी आणि मगच किक मारावी.

इंजिन चांगले गरम झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून ते जेथे सर्वांत समाधानाने चालते तेथे थांबावे. मग संथ चाल ठरवावी. थोडे अंतर मध्यम वेगाने जाऊन, इंजिन थंड झाल्यावर प्लग काढावा. बिस्किटासारखा तपकिरी रंग योग्य. पांढरा असेल तर मिश्रण पातळ आहे आणि गाडी त्या स्थितीत पळवू नये. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते. लखनौच्या जानेवारीतील धुक्यात हवा घट्ट असते आणि जूनच्या उन्हात विरळ. म्हणून उन्हाळ्यात जुळविलेली गाडी थंडीत पुन्हा एकदा पाहावी.

ज्यांच्याकडे १९८३ साली आलेल्या राजदूत ३५० सारखी दोन कार्बुरेटरांची मोटारसायकल आहे, त्यांस आणखी एक काम आहे. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. सारख्या जाडीच्या दोन गुळगुळीत सळया दोन्ही स्लाइडखाली ठेवून केबल जुळवावी. मूठ फिरविताच दोन्ही सळया एकदम सुटल्या तर जुळणी बरोबर. तसे न केल्यास एक सिलिंडर दुसऱ्याचे ओझे वाहत राहतो.

मूळचे जपणे

कार्बुरेटर बदलून दुसऱ्या गाडीचा बसविण्याचा सोपा मार्ग पुष्कळदा सुचविला जातो. तो पत्करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या कामास वापरता येत नाही. परंतु प्रदर्शने व मिरवणुकांत ती सन्मानाने फिरू शकते. लखनौच्या अगदी पहिल्या स्कूटरींस २०२५ साली पन्नास वर्षे झाली. आता दरवर्षी आणखी काही गाड्या त्या रांगेत येतील. नव्या वाहनांतून, विशेषतः एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषण-मानकांनंतर, कार्बुरेटर जवळजवळ नाहीसा झाला आहे. तेव्हा तो खोलून दाखविणारा जुना मिस्त्री आपल्या गावात असेल, तर घरातील मुलास एक दिवस त्याच्या शेजारी बसवावे. थाळीतील त्या दहा-वीस भागांपैकी प्रत्येकाचे काम त्यास सांगता येऊ लागले, म्हणजे आजोबांच्या गाडीस पुढचा वारस मिळाला असे समजावे.