ठराव नागपुरात, दार मंडळीत

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये ख्रिश्चन कौन्सिल लॉज नावाचं आवार आहे. देशातल्या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची सामायिक संस्था, नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया, इथून चालते. 1914मध्ये मिशन संस्थांची परिषद म्हणून तिची सुरुवात झाली. आज सुमारे तीस चर्चेस तिच्या सभासद आहेत. त्यांत लुथरन आहेत, मेथडिस्ट आहेत, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) आहे. कॅथलिक नाहीत. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांना मंडळीत उघडपणे सामावून घ्यायचं का, हा प्रश्न भारतातल्या चर्चेसपुढे चिकाटीनं कुणी ठेवला असेल, तर या आवारानं.

शिरकाव झाला तो एचआयव्हीच्या कामातून. कौन्सिलचा ‘एशा’ हा उपक्रम मुळात चर्चेसनी एड्सबद्दल तोंड उघडावं म्हणून होता. रोगाबद्दल बोलायचं तर ज्यांना त्याची झळ लागते त्यांच्याशीही बोलावं लागतं, आणि मग किन्नर आणि समलिंगी पुरुष बैठकांना येऊ लागले. व्यासपीठावरून ‘पाप’ म्हणणं सोपं असतं. चहाचा कप हातात घेऊन समोर बसलेल्या माणसाला ते म्हणताना जीभ अडखळते.

2 जुलै 2009ला दिल्ली उच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणारं कलम 377 सैल केलं. 2013च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत अपॉस्टोलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या ख्रिस्ती संघटनाही होत्या. त्याच डिसेंबरात मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस म्हणाले, की समलिंगी माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही. विवाहाबद्दलची शिकवण मात्र बदललेली नाही. तेव्हा ‘चर्चची भूमिका’ असं एकवचनात बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. नागपूरकरांनी 2017मध्ये या विषयावर पुस्तकंच काढली. त्यांतल्या एकाचे संपादक तेव्हाचे सरचिटणीस रॉजर गायकवाड आणि ऑर्थोडॉक्स धर्मगुरू थॉमस निनान.

या सगळ्या चर्चेत बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय हमखास येतो. गाझाच्या वाटेवर कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतोय. तो षंढ. नियमशास्त्रानं अशाला सभेबाहेर ठेवलेलं. ख्रिस्ती प्रचारक फिलिप्प रथात चढतो, दोघं बोलतात, वाटेत पाणी लागतं, आणि खजिनदार विचारतो की आता माझ्या बाप्तिस्म्याला अडचण कसली? फिलिप्प त्याच्या देहाबद्दल एक शब्द काढत नाही. दोघं पाण्यात उतरतात. विरोधक म्हणतात, तो समलिंगी कुठं होता? शिवाय समलिंगी संबंधांचा निषेध करणारा रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचा. आक्षेप रास्त आहे. पण दार कुणासाठी उघडायचं एवढ्यापुरतं विचारलं, तर ही गोष्ट आपलं उत्तर देऊन मोकळी झालेली आहे.

एवढं असूनही कौन्सिल सल्ला देऊ शकते, हुकूम नाही. प्रत्येक चर्च स्वायत्त. उदाहरण शेजारचंच. मध्य प्रदेशातला मराठी माणूस म्हटला की आपल्याला ग्वाल्हेर-इंदूर आठवतं. पण सौंसर, पांढुर्ण्याकडेही घराघरात मराठी आहे, आणि त्याच मुलखातल्या छिंदवाड्यात मध्य प्रदेशच्या लुथरन चर्चचं मुख्यालय आहे. स्वीडनच्या मिशननं एकोणिसाव्या शतकात लावलेलं हे रोप. खुद्द स्वीडनच्या चर्चमध्ये 1 नोव्हेंबर 2009पासून समलिंगी जोडप्यांची लग्नं लागतात. माहेरचा रिवाज सासरी चालतोच असं नाही: इथिओपियाच्या मेकाने येसूस या लुथरन चर्चनं 2013मध्ये याच कारणावरून स्वीडन आणि अमेरिकेच्या लुथरन चर्चेसशी संबंध तोडले.

अमेरिकेच्या लुथरन चर्चमध्ये समलिंगी नात्यांचा प्रश्न मिनियापोलिसच्या अधिवेशनात मतास आला. 19 ऑगस्ट 2009ला लैंगिकतेवरच्या निवेदनाला 676 मतं पडली, विरोधात 338. बरोबर दोन तृतीयांश. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर निवेदन पडलं असतं. त्याच दिवशी शहरात टोर्नेडो आला आणि शेजारच्या लुथरन चर्चचा मनोराच वाकवून गेला. देव कोणत्या बाजूनं बोलला, यावर नंतर बराच खल झाला. तिथल्या एकेका मंडळीसाठी वेगळी वाटही आहे: आधी चर्चा, मग मतदान, मग स्वागताचं लेखी निवेदन, त्यात समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांचा स्पष्ट उल्लेख. ‘सर्वांचं स्वागत आहे’ ही पाटी त्यांनी पुरेशी मानली नाही. मला ते पटतं. ज्याला आयुष्यभर वगळलं गेलंय तो ‘सर्वां’मध्ये स्वतःला धरत नाही.

आपल्याकडे लग्नाचा मुद्दा कायद्यानंच बाजूला ठेवलाय. 17 ऑक्टोबर 2023च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे पाळकांच्या रजिस्टरात अशी नोंद होऊच शकत नाही. उरतात त्या रोजच्या गोष्टी. प्रभुभोजनाला पुढं कोण येणार, संडे स्कूल कोण घेणार, पंच कमिटीच्या निवडणुकीला कोण उभं राहणार, मेल्यावर कब्रस्तानात जागा कुणाशेजारी. एखाद्या रविवारी किन्नरांना बोलावून हार घालणं त्यामानानं सोपं. पाहुणे संध्याकाळी घरी जातात. अवघड असतो तो आपलाच ऑर्गन वाजवणारा मुलगा, ज्याचा बाप्तिस्मा इथंच झाला. उपासना सुटल्यावर आवारात मावशी, काकू विचारतात, “काय रे, कुठं जमलं का तुझं?” छोट्या मंडळीत सोयरिकीही तिथंच जुळतात, म्हणून त्याला नुसतं हसून वेळ मारून नेता येत नाही. धर्मशास्त्रावरचं कोणतंच पुस्तक त्या क्षणी उपयोगाला येत नाही.

मंडळ्यांची भीतीही खोटी नाही. मध्य प्रदेशात 2021पासून धर्मांतराविरुद्ध कडक कायदा आहे. अल्पसंख्याक माणूस आधीच जपून पाऊल टाकतो. त्यात नवा वाद कुणाला हवा? म्हणून बरेचसे पाळक खासगीत मायेनं वागतात आणि वेदीवरून गप्प राहतात.

त्या मायेची अडचण एवढीच की पाळकांची बदली होते. नव्या पाळकसाहेबांना आधीच्यांचा स्वभाव वारशात मिळत नाही. कमिटीनं दोन ओळींचा ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवला असेल, तर तो मात्र त्यांच्यापुढे पहिल्याच बैठकीत येतो, आणि रद्द करायचा म्हटलं तरी उघड मतदान घ्यावं लागतं.